लहान पोरांना आजारपण अन् मरण कसं सांगायचं

घरात कोणी सिरीयस झालं की आपल्याकडे बहुतेक घरांत पहिले काय होतं, तर पोरांना मावशीकडे नाहीतर शेजारच्या काकूंकडे पाठवून देतात, बेडरूमचं दार लोटून फोनवर फोन सुरू होतात, अन् पोरगं मध्येच खोलीत आलं की सगळे एकदम चूप होतात किंवा इंग्रजीत बोलायला लागतात. हेतू चांगलाच असतो, लेकराच्या जिवाला घोर लागू नये एवढंच. पण चार वर्षांच्या पोराला शब्द नाही समजले तरी चेहरे समजतात, आजीनं दोन दिवस झाले गोष्ट सांगितली नाही हे समजतं, पप्पा जेवता जेवता उठून गॅलरीत काहून गेले हे समजतं, अन् खरं कोणी सांगत नसलं की ते आपल्याच डोक्यानं काहीतरी जुळवतं. अन् त्यानं जुळवलेलं बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा जास्त भयानक असतं.

मी बालवाडी अन् केजीच्या पोरांना शिकवते, नागपुरातच. वर्गात दरवर्षी एखादं तरी लेकरू असतं ज्याच्या घरी असं काही चालू असतं, अन् आईबाप गेटवर उभं राहून विचारतात की मॅडम सांगायचं कसं, एवढंसं पोरगं आहे. म्हणून तीन ते नऊ-दहा वर्षांच्या पोरांसाठी जे मला खरंच कामी येताना दिसलं ते लिहून राहिले.

कोणी सांगायचं अन् कधी

पोराच्या सगळ्यात जवळचा जो माणूस आहे त्यानं सांगायचं, आई, बाप, ते नसतील तर ज्याच्याजवळ ते झोपते ती आजी नाहीतर आत्या. डॉक्टरनं किंवा शाळेतल्या मॅडमनं सांगायचं नाही, आम्ही नंतर साथ देऊ शकतो पण पहिली बातमी घरातूनच यायला पाहिजे. अन् लवकर सांगायचं, कारण तुम्ही नाही सांगितलं तर दुसरं कोणी तरी सांगतेच. कॉलनीत खेळताना एखादा मोठा पोट्टा सरळ म्हणून टाकतो, "तुझे आबा मरून राहिले ना, माझी मम्मी सांगत होती". एकदा पोराला हे बाहेरून समजलं की मंग घरचे जे काही सांगतील त्यावर ते डोळे बारीक करूनच ऐकते.

जागा ओळखीची पाहिजे, घरातली, टीव्ही बंद, मोबाईल सायलेंट. पोराच्या उंचीला बसा, खाली बसा नाहीतर मांडीवर घ्या. रात्री झोपायच्या टायमाला सांगू नका, अंधार अन् झोप अन् मरण हे तिन्ही एकत्र जुळतं त्याच्या डोक्यात. सुटीच्या दिवशी सकाळी किंवा शाळेतून येऊन खाऊन-पिऊन झाल्यावर सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचे दोन-चार तास तुम्ही त्याच्या आसपास आहात.

अन् सगळं एकाच वेळी सांगायचं नाही. दोन-तीन वाक्यं बोला, थांबा. ते काय विचारते ते पाहा, तेवढंच उत्तर द्या. मोठ्या माणसाला वाटतं आता विषय काढलाच आहे तर पूर्ण करून टाकू, म्हणून आपण बोलतच सुटतो, अन् पोरगं कधीचंच पंख्याकडे पाहत असतं.

कोणत्या वयात काय समजतं

हंगेरीतल्या मारिया नॅगी यांनी 1948 साली तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी मरणाबद्दल बोलून एक अभ्यास छापला होता, त्यात पाच वर्षांखालच्या पोरांना मरण म्हणजे कुठंतरी जाणं किंवा झोपेसारखं काही वाटतं, मेलेला माणूस तिकडे जगतच आहे असं वाटतं, हे दिसलं होतं. नंतर 1984 मध्ये स्पीस अन् ब्रेंट या दोघांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र पाहून मांडलं की पोराला मरण समजायला तीन गोष्टी समजाव्या लागतात. मेलेला माणूस परत येत नाही, मेल्यावर शरीराचं काहीच चालत नाही, अन् जिवंत आहे त्या प्रत्येकाला कधीतरी मरण आहे. बहुतेक पोरांना या तिन्ही गोष्टी पाच ते सात वर्षांच्या दरम्यान समजायला लागतात, कोणाला लवकर, कोणाला उशिरा.

याचा घरी उपयोग काय, तर साडेतीन वर्षांची पोरगी तेरवी झाल्यावरही विचारते की आबा कधी येतील, तेव्हा तिला समजावण्यात तुमचं काही चुकलं नाही, तिला अजून "परत येत नाही" हेच पकडता येत नाही. तिला त्याच शांत आवाजात, त्याच शब्दांत परत सांगायचं. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा. अन् आठ वर्षांचा पोरगा काहीच विचारत नाही तेव्हा त्याला काही वाटत नाही असं समजू नका, त्याला बरंच समजलेलं असतं अन् तुम्ही रडाल म्हणून तो विचारत नसतो.

आजार सांगताना

आजाराचं नाव घ्या. "आईला बरं नाहीये" एवढंच सांगितलं की मंग पोराला स्वतःला सर्दी झाली, पोट दुखलं तरी भीती वाटते, कारण त्यालाही "बरं नाहीये" असंच म्हणतात ना आपण. कॅन्सर असेल तर कॅन्सर म्हणा, किडनी खराब झाली असेल तर किडनी म्हणा, लकवा मारला असेल तर डोक्यातल्या रक्ताच्या नळीत अडथळा आला म्हणून हात हलत नाही असं म्हणा. चार वर्षांच्या पोराला एवढं पुरतं: "आईच्या पोटात एक गाठ झाली आहे. त्या आजाराला कॅन्सर म्हणतात. हा सर्दीसारखा दोन दिवसात जाणारा आजार नाही. म्हणून आईला बऱ्याच वेळा दवाखान्यात जावं लागेल."

यानंतर पोराच्या मनात तीन प्रश्न असतातच, ते विचारो का न विचारो, तुम्हीच त्यांची उत्तरं द्यायची.

पहिला, हे माझ्यामुळे झालं का. या वयात पोरांना वाटतं की आपण मनात आणलं की तसं होतं. रागात "तू मर" म्हटलेलं असतं, आजीच्या पोटावर उडी मारलेली असते, जेवलो नाही म्हणून आई ओरडली अन् मंग भरती झाली, हे सगळं ते जोडत बसतं. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे रोगराई गावाबाहेर न्यायची म्हणून मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, पोरं सगळ्या गर्दीसोबत ओरडतात "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत". माझ्या वर्गातली एक मुलगी त्याच्या दुसऱ्या दिवशी डब्बा न खाता बसून होती, बऱ्याच वेळानं म्हणाली, "मॅडम, मी जोरात नाही ओरडली, म्हणून मारबतनं मम्मीचा आजार नाही नेला". पाच वर्षांची मुलगी. घरी कोणालाच माहिती नव्हतं की तिच्या डोक्यात हे चालू आहे. तिला जवळ घेऊन सांगितलं की आजार ओरडल्यानं येत नाही, ओरडल्यानं जात पण नाही, तू हळू ओरडलीस तरी अन् जोरात ओरडलीस तरी मम्मीच्या पोटातली गाठ तशीच राहिली असती, तिच्यावर डॉक्टर औषध देऊन राहिले. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली अन् मंग पोळीचा रोल खाल्ला. म्हणून सरळ सांगून टाका: "तू काही केलं, काही बोलली, काही मनात आणलं म्हणून हा आजार झाला नाही."

दुसरा प्रश्न, मला पण होईल का. कॅन्सर, हार्ट, किडनी, लकवा हे जवळ बसल्यानं, पापी घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं लागत नाही हे स्पष्ट बोला अन् करूनही दाखवा, म्हणजे पोरासमोर आईला मिठी मारा. पण टीबीसारखा हवेतून लागणारा आजार असेल तर खोटं बोलू नका, सांगा की खोकल्यातून हा दुसऱ्याला होऊ शकतो, म्हणून डॉक्टरनं गोळ्या दिल्या अन् काही दिवस मास्क लावायला सांगितला. केमो चालू असताना उलटं होतं, आईला पोरापासून जपावं लागतं कारण तिची इन्फेक्शनशी लढायची ताकद कमी झालेली असते. तेव्हा "तू जाऊ नको जवळ" एवढंच म्हटलं तर पोराला वाटतं आपण घाणेरडे आहोत. "तुला सर्दी आहे, आईच्या औषधानं आईला सध्या सर्दी लवकर होते, तुझी सर्दी गेली की कुशीत झोप" असं पूर्ण सांगा.

तिसरा, मंग माझं कोण करेल. हा प्रश्न स्वार्थी वाटतो काही लोकांना, मला नाही वाटत, पोराचं सगळं आयुष्यच त्या माणसावर उभं असतं. उद्या सकाळी व्हॅनपर्यंत कोण सोडेल, डब्ब्यात काय राहील, रात्री कोणाजवळ झोपायचं, हे त्याला नाव घेऊन सांगा. "सोमवार ते शुक्रवार आत्या वेणी घालून देईल, पप्पा घ्यायला येतील, मी दवाखान्यातून रात्री आठला व्हिडीओ कॉल करेन." अन् जमणार नसेल तर आठला म्हणू नका, रात्री म्हणा. या दिवसांत पोरासाठी टाईम पाळणं हे फार मोठं आहे.

केमोनं केस जातात हे आधी सांगून ठेवा, केस जायला लागल्यावर नाही. औषध सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी केस गळायला लागतात. "हे औषध अंगात जे काही भराभर वाढतं त्याला मारतं, गाठ भराभर वाढते म्हणून तिला मारतं, पण केसही भराभर वाढतात म्हणून तेही जातात, औषध संपलं की बहुतेक परत येतात." सहा वर्षांचं पोरगं हे समजतं. ज्या आईला जमत असेल तिनं पोरासमोर ओढणी, टोपी निवडावी, पोरांना हे काम फार आवडतं.

दवाखान्यात न्यायचं का

पोराला जायचं असेल अन् वॉर्डात परवानगी असेल तर न्या, पण आधी तिथं काय दिसेल ते सांगून न्या. मेडिकल म्हणजे आपलं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असो, मेयो हॉस्पिटल असो, जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल असो, मानेवाडा रोडचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो का मिहानचं एम्स, पोरासाठी ते सगळं फार मोठं असतं, वास वेगळा, गर्दी, स्ट्रेचर, कोणीतरी कण्हत असतं. आदल्या दिवशी मोबाईलवर पेशंटचा अन् पलंगाचा फोटो काढून आणा, पोराला दाखवत दाखवत सांगा की ही नाकातली नळी श्वासासाठी, ही हाताला सलाईन, ही पिशवी लघवीची, हे मशीन टुकटुक करतं ते हृदयाचे ठोके मोजतं. "आबा कदाचित बोलणार नाहीत, डोळेही उघडणार नाहीत. तू हात लावू शकतोस, बोलू शकतोस." पाच-दहा मिनिटं पुरे. सोबत एक माणूस असा न्या ज्याचं काम फक्त पोरगं सांभाळणं आहे, त्याला बाहेर यावंसं वाटलं की तो लगेच बाहेर आणेल, खाली नेऊन काही खाऊ घालेल. अन् पोरगं नाही म्हटलं तर जबरदस्ती नाही, चित्र काढून पाठवू द्या, आवाज रेकॉर्ड करून पाठवू द्या. "आबाला वाईट वाटेल हं" असं म्हणून त्याच्या डोक्यावर ओझं टाकू नका.

"आई बरी होईल ना?"

सगळ्यात कठीण प्रश्न हाच. "हो रे, एकदम ठीक होईल" हे तोंडावर येतंच, पण ते तुमच्या हातात नसेल तर म्हणू नका. अशा वेळी मी पालकांना हे वाक्य देते: "डॉक्टर खूप प्रयत्न करून राहिले. बऱ्याच लोकांना या औषधानं बरं वाटतं, काही लोकांना नाही वाटत. आईचं काय होईल हे अजून कोणालाच माहिती नाही. मला जेव्हा समजेल तेव्हा मी तुला सांगेन, लपवणार नाही." यातलं शेवटचं वाक्य पोराला सगळ्यात जास्त धरून ठेवतं, म्हणून ते पाळायचं.

अन् मंग तो दिवस येतो जेव्हा डॉक्टर म्हणतात की आता घरी न्या. तेव्हा पोराला तेही सांगावं लागतं. "आबांचा आजार खूप वाढला आहे. डॉक्टरजवळ आता असं औषध नाही ज्यानं ते बरे होतील. दुखू नये म्हणून औषध देऊन राहिले. आबा आता मरतील, कदाचित थोड्याच दिवसांत." हे बोलताना घसा भरून येतो, येऊ द्या. पण पोराला हे दिवस भेटले पाहिजेत, आबाजवळ बसायला, आपली वही दाखवायला, भांडण झालं असेल तर सॉरी म्हणायला. ज्यांना सांगितलंच नव्हतं अशी पोरं मोठी झाल्यावर आईबापांना विचारतात की मला काहून नाही सांगितलं, अन् त्याला उत्तर नसतं कोणाजवळ.

गेल्यावर सांगताना

शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी. मोठ्या माणसांत आपण म्हणतो ऑफ झाले, एक्सपायर झाले, वारले. पोराला मेले हाच शब्द वापरा. तोंडातून निघत नाही माहिती आहे, माणसाबद्दल असं बोलणं कसंतरीच वाटतं, तरी पहिल्यांदा सांगताना हाच वापरा, नंतर घरात वारले म्हणा हवं तर.

कसं सांगायचं, मी एका आजीला नातवाशी बोलताना ऐकलं ते जसंच्या तसं आठवतं, त्याच्यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही. पोरगा पाच वर्षांचा, आजोबा सकाळी गेले होते, घरात लोक जमायला लागले होते. आजी त्याला मागच्या अंगणात घेऊन बसली.

"तुला एक दुःखाची गोष्ट सांगते. आज सकाळी आबा मेले."
"म्हणजे?"
"म्हणजे त्यांचं हृदय बंद पडलं. आता ते श्वास घेत नाहीत. डॉक्टरनं पाहिलं, ते परत चालू करता येत नाही."
"संध्याकाळी?"
"संध्याकाळी पण नाही. कधीच नाही."
पोरगा चूप. मंग म्हणे, "त्यांना भूक लागेल ना".
"नाही रे राजा. मेल्यावर भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही."
"तू रडून राहिली."
"हो, मला आबांची आठवण येऊन राहिली. तू पण रडू शकते, नाही आलं रडू तरी चालते."
"मी सायकल चालवू?"
"चालव."

अन् तो खरंच सायकल चालवत बसला, अन् आलेल्या दोन-तीन बायांनी म्हटलंही की पाहा ना, पोराला काही वाटत नाही. त्याला वाटत होतं. पोराचं दुःख आपल्या नागपूरच्या जूनमधल्या पावसासारखं असतं, पाच मिनिटं कोसळतं अन् लगेच ऊन, मंग परत कधी येईल त्याचा नेम नाही. त्याला खेळू द्या, हसू द्या, त्यासाठी कोणी टोकलं तर पोरासमोरच त्यांना थांबवा.

जे बोलू नये असं मला वाटतं ते पण सांगते. "झोपले" नका म्हणू, त्या रात्रीपासून पोरगं झोपायला घाबरतं, आईला झोपू देत नाही, हलवून हलवून उठवतं. "गावाला गेले" नका म्हणू, कारण गावाला गेलेला माणूस परत येतो, फोन करतो, अन् हा फोन पण करत नाही म्हणजे याला माझा राग आला. 2021 च्या एप्रिल-मे मध्ये नागपुरात कितीतरी घरांत असं झालं, कोरोनात माणूस ॲम्बुलन्समध्ये गेला अन् घरी आलाच नाही, अंत्यदर्शन पण नाही, अन् पोरांना महिनोन्महिने "पप्पा दवाखान्यात आहेत" सांगावं लागलं कारण खरं सांगायची कोणाची हिंमत नव्हती. त्यातली पोरं आता मोठ्या वर्गात आहेत, ज्या घरात अजूनही नीट सांगणं झालं नसेल त्यांनी आता सांगा, उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

"देवाघरी गेले" किंवा "तारा झाले" यावर लोकांचं अन् माझं थोडं वाजतं. तुमचा विश्वास असेल तर जरूर सांगा, पण आधी शरीराचं खरं सांगून झाल्यावर. आधीच देवाघर सांगितलं तर चार वर्षांचं पोरगं बॅग भरून म्हणतं चल ना देवाघरी ऑटोनं जाऊ, अन् "देवाला ते आवडले म्हणून नेलं" म्हटलं की देवावरच राग धरतं, नाहीतर आपणही चांगलं वागलो तर देव नेईल म्हणून मुद्दाम त्रास द्यायला लागतं. म्हणून क्रम असा ठेवा, आबा मेले, शरीर बंद झालं, परत येणार नाहीत, अन् मंग शेवटी "आपल्या घरात आपण असं मानतो की...".

बौद्ध घरांत किसा गोतमीची गोष्ट सहा-सात वर्षांपुढच्या पोरांना फार चांगली समजते. मेलेलं बाळ घेऊन ती औषध मागत फिरते, बुद्ध म्हणतात ज्या घरात कोणी मेलं नाही त्या घरून मोहरी आण, अन् तिला तसं घरच भेटत नाही. गोष्ट सांगून झाल्यावर लगेच तात्पर्य सांगू नका, पोराला विचारू द्या. माझ्या वर्गात एकानं विचारलं होतं, "मंग तिच्यासोबत कोणी रडलं का?"

घाट, तेरवी, मुंडण

शेवटचं दर्शन घरी असेल तर लहान पोरालाही घेऊ द्या, आधी सांगून: आबा दिवाणखान्यात झोपवल्यासारखे ठेवले आहेत पण ते झोपलेले नाहीत, हात लावला तर थंड लागेल, नाकात कापूस आहे, खूप लोक जोरात रडतील. घाटावर, म्हणजे स्मशानात, मात्र सहा वर्षांखालच्या पोराला नेऊ नये असं माझं मत आहे, सात-आठच्या पुढे त्यानं स्वतः म्हटलं तर न्या, अंबाझरी असो, मोक्षधाम असो, गंगाबाई घाट असो, परत सोबतीला तोच एक माणूस जो पोराला घेऊन केव्हाही परत येऊ शकतो.

न नेलं तरी ते विचारतंच की आबांना कुठे नेलं. खरं सांगा. "घाटावर नेलं, लाकडांवर ठेवून शरीर जाळतात." लगेच पुढचा प्रश्न येतो, चटके बसले का. याच्यासाठीच आधी सांगून ठेवायचं की मेल्यावर शरीराला काहीच जाणवत नाही. तरी विचारलं तर पोराचे केस हातात धरून नाहीतर वाढलेलं नख दाखवून सांगा, हे कापताना तुला दुखलं का, नाही ना, तसं आबांच्या पूर्ण शरीराला आता काहीच दुखत नाही. दफन करणाऱ्या घरांत प्रश्न असतो की खाली अंधारात भीती वाटत असेल, श्वास कसा घेतील, उत्तर तेच.

आता एक गोष्ट जी लोकांच्या लक्षातच येत नाही. आजी कॅन्सरनं गेली, केमोत तिचे केस गेलेले पोरानं पाहिले, अन् दहाव्या दिवशी पप्पा मुंडण करून घरी येतात. एका पोरीनं दारातच किंचाळून पप्पाला घरात येऊ दिलं नाही, सगळ्यांना वाटलं ओळखलं नाही म्हणून घाबरली. तिला वाटलं पप्पाला पण कॅन्सर झाला. संध्याकाळपर्यंत समजलंच नाही कोणाला. म्हणून मुंडणाच्या आधी सांगायचं, जमलं तर आधी फोनवर व्हिडीओ कॉल करून दाखवायचं, "आजी मेली म्हणून आपल्यात केस काढतात, मी बिमार नाही, केस परत येतील".

बाकी विधींचं थोडक्यात सांगत जा, जेवढं ते विचारतं तेवढं. कावळ्याची वाट काहून पाहतात, अस्थी म्हणजे काय, त्या रामटेकला अंबाळा तलावात काहून नेतात, बौद्ध घरांतल्या जलदान विधीत पाणी काहून ओततात. अन् त्यांना एखादं छोटं काम द्या, फुलं ठेवणं, फोटो पुसणं, आलेल्यांना पाणी देणं. सुतकात तान्हा पोळा आला तर माझं तरी मत आहे की पोराला लाकडी बैल घेऊन जाऊ द्या, घरात साजरं करू नका पाहिजे तर, पण काका-मामा कोणीतरी त्याला नेऊन आणा. सगळी पोरं बैल सजवून निघाली अन् हे खिडकीत बसलं तर आबा मेले म्हणजे मला शिक्षा झाली असं ते धरून बसतं.

नंतरचे महिने

बिछान्यात सू होणं, बोबडं बोलणं, आईला सोडून बाथरूमलाही न जाणं, शाळेच्या टायमाला पोट दुखणं, छोट्या भावाला मारणं, हे सगळं काही आठवडे चालतं. रागवू नका, सूचं काही बोलूच नका, चादर बदला अन् झोपवा. बाहुलीची मयत काढून खेळणारी पोरं पण पाहिली, आया घाबरून खेळ बंद करतात, करू नका, पोरं खेळूनच समजून घेतात.

"तू पण मरशील का" हे येणारच. "सगळेच कधी ना कधी मरतात. बहुतेक लोक खूप म्हातारे झाल्यावर मरतात. मी आत्ता बिमार नाही, मी खूप वर्षं तुझ्यासोबत राहायचं ठरवून आहे. अन् मला काही झालंच तर आत्या अन् मामा तुझं सगळं करतील." कधीच मरणार नाही असं म्हणू नका.

पोरासमोर रडलं तर चालतं का, हो चालतं, फक्त काहून रडून राहिलो ते सांगा अन् थोड्या वेळानं तोंड धुऊन जेवायला बसा, म्हणजे त्याला दिसतं की रडून झाल्यावर माणूस परत उठतो. "तू आता घरातला मोठा पुरुष आहेस, आईला सांभाळ" हे सात वर्षांच्या पोराला सांगणारे नातेवाईक प्रत्येक मयतीत भेटतात. त्यांना तिथंच थांबवा, हात जोडून थांबवा पण थांबवा.

गेलेल्या माणसाचं नाव घरात चालू ठेवा. त्यांचा चष्मा, हातरुमाल, लिहिलेली चिठ्ठी, व्हॉट्सॲपवरचे आवाज, हे एका डब्ब्यात अन् एका फोल्डरमध्ये पोरासाठी बाजूला काढून ठेवा, मोबाईल बदलताना हे आवाज कायमचे जातात म्हणून आधीच कॉपी करा.

शाळेत त्याच आठवड्यात कळवा, कॉल करा नाहीतर डायरीत दोन ओळी लिहा: कोण गेलं, पोराला काय शब्दांत सांगितलं, घ्यायला आता कोण येणार. आम्हाला माहिती नसलं तर आम्ही मदर्स डेचं कार्ड सगळ्यांसोबत त्यालाही बनवायला लावतो.

अपघात झाला किंवा कोणी आत्महत्या केली तर हेच सगळं, फक्त तपशील कमी. "पप्पांच्या गाडीचा ॲक्सिडेंट झाला, खूप लागलं, ते मेले." आत्महत्येत: "काकाच्या मनाला मोठा आजार झाला होता, त्या आजारात त्यानं स्वतःचा जीव घेतला, आपल्यापैकी कोणामुळे नाही." हार्ट अटॅक सांगून ठेवता अन् बारा-तेराव्या वर्षी चुलतभाऊ खरं सांगतो, ते फार महागात पडतं.

आजारी पोरगं स्वतःच असेल, म्हणजे सिकलसेल, थॅलेसिमिया, ब्लड कॅन्सर, तर त्यालाही त्याचा आजार त्याच्या भाषेत माहिती पाहिजे. विदर्भात सिकलसेलची घरं भरपूर आहेत. "तुझ्या रक्तातल्या काही पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, त्या बारीक नळीत अडकतात म्हणून पाय दुखतात, तू जन्मली तेव्हापासून आहे, तुझी चूक नाही. पाणी जास्त प्यायचं अन् गोळी चुकवायची नाही." अन् त्याच्या भावा-बहिणीला रोज अर्धा तास तरी वेगळा द्या, दवाखान्याच्या धावपळीत ते पोरगं फार एकटं पडतं.

मदत कधी घ्यायची. दोन-तीन महिन्यांनंतरही झोप-जेवण ठिकाणावर येत नसेल, शाळेत जाणं पूर्ण बंद झालं असेल, जुने मित्र नको वाटत असतील तर आधी तुमच्या पोरांच्या डॉक्टरला भेटा. मेडिकलच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीतही दाखवता येतं. अन् "मला आईजवळ जायचं आहे, मला पण मरायचं आहे" असं पोरगं एकदा जरी म्हणालं तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. चार वर्षांचं म्हणालं तर बहुतेक वेळा त्याला फक्त आई भेटावी वाटते, तरी दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर 14416 आहे, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो अन् मराठीत बोलता येतं. पोराला सांभाळायलाच कोणी उरलं नसेल तर मुलांसाठीची हेल्पलाईन, चाइल्डलाइन 1098. फोन मोठ्यांनी दुसऱ्या खोलीतून लावायचा, पोराला समोर बसवून त्याच्याचबद्दल बोलायचं नाही, अन् फोन झाल्यावर त्याला सांगायचं की कोणाशी बोललो अन् काहून.